पेट्रोल गेलं तर गॅरेजवाल्या मामाचं काय? इलेक्ट्रिक वाहनं आणि आपलं रोजचं जगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिंचवडला राहते. गेली तीन वर्षं विजेवरची स्कूटर चालवते. माझ्या मामाचं दुचाकीचं गॅरेज आहे. त्यामुळे घरात, सोसायटीत आणि ऑफिसात या विषयावरचे सगळे प्रश्न फिरून माझ्याकडे येतात. सुरुवात "रेंज किती देते?" इथून होते आणि दहा मिनिटांत गाडी बाजूला राहून गप्पा नोकरी, पार्किंग, कोळसा आणि पोरांच्या शिक्षणावर येतात. ते प्रश्न आणि मला पटलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हे खरंच येतंय, की नुसती हवा आहे?

येतंय. दुचाकी आणि तीनचाकीत तर आलंच आहे. रस्त्यावर दहा मिनिटं उभं राहून हिरव्या पाट्या मोजा. हिरव्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची. आकुर्डीत पुन्हा 'चेतक' बनू लागली आहे, या वेळी विजेवरची. चाकण आणि रांजणगावातून विजेवरच्या मोटारी बाहेर पडतायत. राज्याने 2021 मध्ये एक धोरण आणलं आणि 2025 मध्ये दुसरं. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारींना टोलमाफी देण्याचा निर्णय त्या दुसऱ्या धोरणातला आहे.

आपल्या आजी-आजोबांना विजेवरची वाहतूक नवी नव्हती. मुंबईत 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि 31 मार्च 1964 पर्यंत चालली. लोकलही विजेवरच धावते. तेव्हा वीज तारेतून यायची आणि गाडी सगळ्यांची असायची. आता वीज बॅटरीत भरून आपण ती आपापल्या दारी नेतो आहोत. दार कोणाचं, पार्किंग कोणाचं, परवाना कोणाचा, हे प्रश्न त्यातूनच सुरू होतात.

पैसे खरंच वाचतात का?

माझाच हिशेब सांगते. रोज तीस किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे साडेसातशे किलोमीटर. पेट्रोल स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत होती. पेट्रोल लिटरला शंभरच्या पुढे आहे, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आसपास जायचे. आताच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला, चार्जरमधली गळती धरून, साडेतीन युनिट लागतात. महिन्याला सव्वीस-सत्तावीस युनिट. दहा रुपये दर धरला तरी पावणेतीनशेच्या आत. चौदाशे रुपये वाचतात. ज्याचा पगार अठरा हजार आहे त्याच्या घरात चौदाशे रुपये म्हणजे पोराची ट्यूशन.

मोटारीचं गणित थोडं वेगळं बसतं. शंभर किलोमीटरला तेरा-पंधरा युनिट लागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. तुमचं घर महिन्याला दीडशे युनिट वापरत असेल आणि त्यात गाडीचे दीडशे पडले, तर तुमचा वापर महागड्या टप्प्याच्या उंबरठ्यावर येतो. म्हणून मोटार घेणार असाल तर चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्या. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, तेव्हापासून अशी स्वतंत्र जोडणी मागता येते.

पण हा सगळा हिशेब घरच्या प्लगचा आहे. रस्त्यावरच्या जलद चार्जरवर युनिटला घरच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त पैसे पडतात. रोज तिथेच चार्जिंग करणाऱ्या मोटारीचा खर्च सीएनजीच्या आसपास जातो. म्हणजे बचत गाडीत नसते, ती पार्किंगमधल्या प्लगमध्ये असते.

आमची सोसायटी चार्जिंग पॉइंट लावू देत नाही. काय करू?

या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण चौदा महिने मी यातून गेले.

मी पहिला अर्ज दिला तेव्हा समितीने तोंडी सांगितलं, "बघू." दुसऱ्या वेळी सांगितलं, आग लागेल. तिसऱ्या वेळी, जिन्यातल्या मीटररूममध्ये जागा नाही. चौथ्या वेळी खरी गोष्ट बाहेर आली. सभेत एक काका उठून म्हणाले, "उद्या सगळ्यांनी मागितलं तर लोड कुठून आणायचा?" हा प्रश्न रास्त होता. जुन्या इमारतीचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल ती मर्यादा, पंखे, दिवे आणि एखादा गिझर एवढाच विचार करून घेतलेला असतो. रात्री दहाला वीस मोटारी एकदम प्लगला लागल्या तर केबल तापते. त्यामुळे "मला माझ्या जागेवर एक प्लग द्या" असं म्हणत प्रत्येकाने वेगवेगळं भांडण्यापेक्षा सगळ्या इमारतीचा भार एकदाच तपासून घ्यावा, हे मला त्या काकांमुळे कळलं.

आम्ही शेवटी काय केलं, तेवढं सांगते. परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून इमारतीचा भार मोजून घेतला. सोसायटीच्या नावावर चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेतली. पार्किंगच्या एका भिंतीला सहा पॉइंट लावले, प्रत्येकाला छोटा उपमीटर. रात्री अकरानंतर लावायचं आणि सकाळी सातला काढायचं, असा नियम केला. वॉचमनच्या वहीत नाव आणि युनिट लिहितात. अर्थिंग नव्याने केलं, त्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घेतला, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीसुद्धा. आग लागेल म्हणणाऱ्यांचं समाधान अर्थिंगने आणि चांगल्या एमसीबीने, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचने, झालं, माझ्या भाषणाने नव्हे.

तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून एक्स्टेंशन वायर खाली सोडणारी मंडळी मी पाहिली आहेत. कृपा करून ते करू नका. स्वस्त वायर रात्रभर तापत राहते आणि खाली पोरं खेळतात.

आणि ज्यांना पार्किंगच नाही त्यांनी?

चाळीत, वस्तीत, वाड्यात राहणाऱ्यांचा हा प्रश्न आहे आणि शहरात ते थोडे नाहीत. स्कूटर बोळात उभी, मीटर घरमालकाच्या नावावर, सब-मीटरचा दर घरमालक ठरवणार. दिवसभर पार्सल पोचवणारी मुलं भाड्याची इलेक्ट्रिक दुचाकी घेतात आणि नाक्यावरच्या केंद्रात संपलेली बॅटरी देऊन भरलेली घेतात. त्यांना ते सोयीचं पडतं. पण गाडी भाड्याची, बॅटरी भाड्याची, एक दिवस काम नाही केलं तरी भाडं सुरूच. घरात वडिलांच्या नावावर एक जुनी का होईना दुचाकी असायची, ती मालकीची भावना त्यात नाही.

नव्या इमारतींमध्ये वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय ठेवा, असं केंद्राच्या आदर्श बांधकाम नियमावलीत 2019 पासून आहे. नवी इमारत घेणाऱ्याला ते ठीक आहे. जुन्या वस्तीसाठी मला एकच मार्ग दिसतो : महापालिकेच्या मंडईत, शाळांच्या आवारात, दवाखान्यांबाहेर, दिव्याच्या खांबांवर साधे, हळू चालणारे, स्वस्त दराचे प्लग. जलद चार्जर महामार्गावर हवा. वस्तीत रात्रभर मिळणारा सोळा अँपिअरचा प्लग पुरतो. तुमच्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा हे मागा.

गॅरेजवाल्यांचं काय होणार?

माझा मामा चाळीस वर्षं गॅरेज चालवतो. त्याची एक सवय मी लहानपणापासून बघत आले आहे. गाडी चालू करायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या हेडवर टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं की तो सांगतो, "टॅपेट वाजतंय," किंवा "चेन ढिली झालीय," किंवा "बोअर-पिस्टन करावं लागेल." तो चुकल्याचं मला आठवत नाही. ही विद्या त्याने उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून राहून, चहा आणून, पाने पुसून मिळवली.

माझी स्कूटर मी पहिल्यांदा त्याच्याकडे नेली तेव्हा त्याने सवयीने स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. टेकवायला जागाच नव्हती. मग त्याने ब्रेक शू बदलले, मागच्या चाकाची हवा बघितली आणि म्हणाला, "पोरी, हिला माझी गरज वर्षातनं एकदाच पडणार."

खरंच आहे ते. विजेवरच्या दुचाकीत पिस्टन नाही, रिंग नाही, व्हॉल्व्ह नाही, क्लच प्लेट नाही, स्पार्क प्लग नाही, सायलेन्सर नाही, ऑइल बदलणं नाही. गल्लीतल्या गॅरेजची रोजची कमाई ज्यावर चालते ती ऑइल बदली आणि ट्यूनिंगच गायब. उरतात ब्रेक, टायर, सस्पेन्शन, बेअरिंग, बॉडी आणि वायरिंग. त्यातही दोष शोधायचा तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते कंपनीच्या सेवाकेंद्राबाहेर मिळत नाही. माझ्या स्कूटरचा एक साधा सेन्सर बिघडला तेव्हा ती अकरा दिवस सेवाकेंद्रात पडून होती. मामाने वायरमधला गंज दाखवला होता, पण ती चूक गाडीच्या स्मृतीतून पुसायची किल्ली त्याच्याकडे नव्हती.

मला वाटतं, या बदलातला सगळ्यात मोठा अन्याय इथे होऊ शकतो. मामाला शिकायचं नाही असं नाही. तो पंचावन्नाव्या वर्षी मल्टिमीटर शिकला. पण दोष वाचायचं साधन, सुटे भाग आणि माहितीपत्रक बाहेरच्या मिस्त्रीला रास्त दरात मिळालंच पाहिजे. दुरुस्तीचा हक्क म्हणतात तो हाच. तो ग्राहकाचा आहे, तसाच मिस्त्रीचाही आहे.

तरुण मुलांना मी एकच सांगते : आयटीआयमध्ये आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल' हा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड आहे. त्याची चौकशी करा. ज्याला बॅटरी पॅक सुरक्षितपणे उघडून त्यातली खराब सेल ओळखता येईल आणि कंट्रोलर दुरुस्त करता येईल, त्याच्या दारात पुढची वीस वर्षं रांग असेल. आणि पेट्रोलच्या जुन्या गाड्या काही उद्या नाहीशा होत नाहीत. त्या अजून पंधरा-वीस वर्षं मामाकडे येत राहतील. धोका मामाला कमी आहे, आज त्याच्याकडे पाने पुसणाऱ्या सतरा वर्षांच्या पोऱ्याला जास्त आहे.

कारखान्यांतल्या नोकऱ्या?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. एकेक जण एकच सुटा भाग बनवतो. कोणी फक्त व्हॉल्व्ह गाइड, कोणी सायलेन्सरची नळी, कोणी क्लचचा एक स्प्रिंग. वाहन कंपनी विजेवर जाऊ शकते, तिच्याकडे भांडवल आहे. पण सायलेन्सरची नळी वाकवणाऱ्याने काय वाकवायचं?

कोल्हापूरकडे अजून बारकाईने बघायला हवं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्या ऑइल इंजिनांच्या काळापासून ओतकाम करत आल्या आहेत. सिलिंडर ब्लॉक आणि हेड हा त्यांचा मोठा माल. विजेच्या गाडीला बिडाचा ब्लॉक लागत नाही, तिच्या मोटरचं कवच ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियमचं ओतकाम वेगळं, भट्टी वेगळी, साचे वेगळे. ट्रॅक्टर, पंप आणि अवजड वाहनांचं काम काही वर्षं टिकेल, तोवर हातात वेळ आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला विजेवरच्या स्कूटरचा नवा कारखाना येतो आहे, हे चांगलंच. पण कागलच्या ओतारी कामगाराला त्याचा उपयोग तो चारशे किलोमीटर दूर गेला तरच. नोकऱ्यांची संख्या राज्याच्या पातळीवर जुळली, तरी त्याच माणसाला, त्याच गावात काम मिळालं का, हे बघावं लागेल.

पेट्रोल पंपावरच्या मुलामुलींचं?

पंप एकदम बंद होणार नाहीत, ट्रक आहेत, सीएनजी आहे. पण स्कूटर घरी भरली जाते, त्यामुळे शहरातल्या छोट्या पंपांवर आधी परिणाम होईल. चार्जरला नळी धरणारा माणूस लागत नाही. ही नोकरी फार शिक्षण नसलेल्यांना, आणि अलीकडे बऱ्याच मुलींना, सहज मिळायची. तिच्या जागी काय, याचं उत्तर मी अजून कुठल्याही धोरणात वाचलेलं नाही.

सरकारचं उत्पन्न बुडेल का?

पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो आणि राज्याच्या तिजोरीचा तो मोठा आधार आहे. विजेच्या गाडीवर जीएसटी फक्त 5 टक्के. म्हणून कधी ना कधी कर दुसरीकडून येणारच. 2025 च्या अर्थसंकल्पात राज्याने तीस लाखांवरच्या विजेवरच्या गाड्यांना सहा टक्के कर प्रस्तावित केला होता आणि तो त्याच महिन्यात मागेही घेतला. माझं मत विचाराल तर तीस लाखांची मोटार घेणाऱ्याला तो कर जड नव्हता. त्या पैशांतून वस्त्यांमध्ये प्लग बसवता आले असते.

एसटी आणि पीएमपीच्या ई-बसने काय फरक पडला?

1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली, किंवा नगरहून पुण्याला, वाद घालणारे दोन्ही सांगतात. मार्ग मात्र तोच. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, 1 जून 2022 ला, विजेवरची पहिली 'शिवाई' त्याच मार्गावर धावली. मी तिने गेले आहे. वाघोलीच्या कोंडीत बस उभी असताना इंजिनाची धडधड नाही, डिझेलचा वास नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पोटात ढवळलं नाही गं आज." त्या अर्ध्या तिकिटावर निघाल्या होत्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगली बस आणि अर्धं तिकीट एकत्र आलं की घरातली बाई स्वतःच्या मनाने माहेरी, दवाखान्यात, बाजाराला जाऊ शकते. माझ्या दृष्टीने वाहतुकीतला हा सगळ्यात मोठा सामाजिक बदल आहे आणि तो खासगी मोटारीने होत नाही.

दुसरी बाजू कमी लोक बोलतात. बहुतेक ई-बस महामंडळाच्या मालकीच्या नसतात. कंत्राटदार बस आणतो, चालवतो, किलोमीटरमागे पैसे घेतो. वाहक महामंडळाचा, चालक कंत्राटदाराचा. पुण्यात पीएमपीने 2019 पासून आणि मुंबईत बेस्टने हीच पद्धत घेतली. एकाच बसमध्ये दोन माणसं, दोन वेगळे पगार, दोन वेगळी भविष्यं. 'एसटीत ड्रायव्हर' ही गावाकडच्या मुलाची खात्रीची नोकरी होती, लग्न जुळायचं तिच्यावर. ती बॅटरीमुळे गेली नाही, कराराच्या अटींमुळे जाते आहे. शिवाय एसटीने 5150 ई-बसचा भाडेकरार केला, पण गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि प्रवासी जुन्याच बसच्या पायरीवर लटकत राहिले.

माथेरानच्या ई-रिक्षांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण हा बदल माणसाच्या अंगावर कसा उतरतो, ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही. पुढे पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षात जायचे. हातरिक्षा म्हणजे पुढे एक माणूस ओढायचा, मागून एक-दोघे ढकलायचे, लाल मातीच्या चढावर, पावसाळ्यात चिखलातून. चौऱ्याण्णव जणांकडे परवाने होते. पन्नाशीतला माणूस आपल्याच वयाच्या माणसाला ओढत वर नेतो, हे मी शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. त्याच्या मानेच्या शिरा अजून डोळ्यांसमोर आहेत. त्या दिवशी बाईंनी आम्हाला चालवत नेलं, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

हातरिक्षाचालकांच्या संघटनेने वर्षानुवर्षं मागणी केली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि डिसेंबर 2022 मध्ये सात ई-रिक्षा सुरू झाल्या. दप्तर घेऊन रोज चढ-उतार करणारी शाळेतली मुलं त्यात बसू लागली, आजारी म्हातारी माणसं बसू लागली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांचंही पोट आहे, त्यांना नुसतं 'प्रगतीच्या आड येणारे' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

पण कळीचा मुद्दा होता की ई-रिक्षा चालवणार कोण? कंत्राटदाराला काम दिलं तर हातरिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट जातात आणि भाकरीही जाते. न्यायालयाने ई-रिक्षा हातरिक्षाचालकांनाच मिळाव्यात, अशी भूमिका घेतली. 6 ऑगस्ट 2025 ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश दिला. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर राज्याने ई-रिक्षा विकत घेऊन याच लोकांना भाड्याने द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असंही त्यात आहे. गाडी तीच, बॅटरी तीच. परवाना कुणाच्या हातात पडतो, यावर चौऱ्याण्णव घरांचं पुढचं आयुष्य ठरतं.

बायकांना याचा काही वेगळा फायदा आहे?

आहे. किक नाही, गिअर नाही, पंपावर रांग नाही. राज्याच्या पिंक ई-रिक्षा योजनेत किमतीच्या 20 टक्के सरकार देतं, 10 टक्के लाभार्थी महिला भरते, 70 टक्के बँकेचं कर्ज. रिक्षाच्या धंद्यात बाईला येऊ न देणारी गोष्ट बहुतेक वेळा भांडवल होती, ते दार यामुळे किलकिलं झालं. पुढचा अडथळा स्टँडवरचा आहे. तिथे रांगेत जागा, स्वच्छतागृह आणि रात्री चार्जिंगला सुरक्षित ठिकाण मिळालं तरच हप्ता फिटेल.

वीज कोळशाचीच, मग प्रदूषण फक्त जागा बदलतं ना?

अर्ध खरं आहे. आपल्या देशात एक युनिट वीज बनताना सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माझ्या स्कूटरला शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट, म्हणजे अडीच किलो. पेट्रोल स्कूटर तेवढ्यात सव्वादोन लिटर जाळते, लिटरला 2.3 किलोने पाच किलोच्या वर. निम्म्यावर आलं. बॅटरी बनवताना जास्तीचा कार्बन खर्च होतो, तो काही हजार किलोमीटर चालवल्यावर भरून निघतो. म्हणून वर्षातून हजार किलोमीटर फिरणाऱ्याने 'पर्यावरणासाठी' नवी गाडी घेऊ नये.

पण राहिलेला धूर कुठे जातो? स्वारगेटच्या चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या छातीतून तो निघाला आणि चंद्रपूरला गेला. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. तिथे दुर्गापूर-ऊर्जानगरकडे माझी मैत्रीण राहते. सकाळी वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी झटकल्याशिवाय तिला घडी घालता येत नाही. पुण्याची हवा स्वच्छ झाली म्हणून टाळ्या वाजवताना मला ती ओढणी आठवते. घरी सोलर पॅनेल शक्य असेल तर लावा. जमेल तेव्हा दिवसा, ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्ज करा, कारण सौरवीज तेव्हा असते. महावितरणने जुलै 2025 पासून टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापराला सवलत दिली, ती याच कारणाने.

बॅटरीला आग लागते म्हणतात.

2022 च्या उन्हाळ्यात लागोपाठ आगी लागल्या, पुण्यातही. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या, डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत. त्यानंतरच्या नियमांप्रमाणे बनलेली गाडी घ्या. लिथियम-लोखंड-फॉस्फेट म्हणजे एलएफपी प्रकारची बॅटरी उष्णतेला जास्त सोसते. उन्हातून आल्या आल्या लगेच चार्जिंगला लावू नका, आणि दारामागे, जिन्याखाली तर कधीच नको. बाहेर पडायची वाटच बंद होते.

जुन्या बॅटऱ्यांचं काय होतं?

गाडीतून काढलेल्या बॅटरीत साधारण सत्तर-ऐंशी टक्के क्षमता उरलेली असते. सोलरची वीज साठवायला ती अजून काही वर्षं चालते. ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा भंगारवाल्याकडे पोचते. तिथे कोणीतरी पोरगा छिन्नी-हातोड्याने ती उघडतो आणि हात जाळून घेतो. भंगारवाल्याला या साखळीतून हाकलण्यापेक्षा त्याला प्रशिक्षण आणि गोळा करण्याचा अधिकृत मोबदला द्यावा, असं मला वाटतं.

तेलासाठी आखातावर अवलंबून होतो, आता चीनवर?

बऱ्याच अंशी हो. एप्रिल 2025 मध्ये चीनने मोटरमधल्या दुर्मिळ मृदा चुंबकांच्या (विशिष्ट धातूंपासून बनणाऱ्या ताकदवान चुंबकांच्या) निर्यातीवर निर्बंध घातले, त्याची झळ पुण्यातल्या दुचाकी उत्पादनापर्यंत आली. फरक इतकाच की तेल रोज जळतं, चुंबक आणि लिथियम गाडीत राहतं आणि पुन्हा काढता येतं.

ट्रॅफिक कमी होईल?

नाही. हिंजवडीला जाणारी कोंडी विजेवरची झाली तरी कोंडीच. त्याला बस, मेट्रो आणि फुटपाथ लागतात.

आवाज नसल्याने धोका नाही का?

आहे. आमच्या रस्त्यावर एक अंध काका काठी घेऊन रोज दूध आणायला जातात. इंजिनाच्या आवाजावर ते रस्ता ओलांडायचे. माझी स्कूटर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या कोपऱ्यावर मी थांबते आणि "काका, मी आहे, जा तुम्ही," असं सांगते. गाडीने मंद वेगात स्वतःच आवाज करावा, ही सोय सगळ्या गाड्यांत सक्तीची हवी.

मग आत्ता घ्यावी का?

रोज पंधरा-वीस किलोमीटरच्या वर फिरणं आणि हक्काचा प्लग, या दोन्ही गोष्टी असतील तर स्कूटर जरूर घ्या. प्लग नसेल तर आधी त्याची सोय करा, गाडी नंतर. चालू पेट्रोल गाडी केवळ फॅशन म्हणून मोडीत काढू नका. घेतल्यावर जवळच्या गॅरेजवाल्याशी ओळख ठेवा. ब्रेक आणि पंक्चरसाठी त्याच्याचकडे जा, आणि आयटीआयच्या नव्या ट्रेडची माहिती त्याच्या पोऱ्यापर्यंत पोचवा. मामाच्या पोऱ्याचा फॉर्म आम्ही या जूनमध्ये भरला.